विवरातनं आलेली अर्धी स्तुती

"थोरला म्हणं! 'कमंडलू आधी वर दे, हात मोकळं कर,' म्हणालास. दिला की! अन् तू दोरच वर वढून घेतलास? अरं, एका आईचं दूध प्यालो आपण, का तुला वाटंवर उचलला व्हता?"

विवराच्या तळाला शाल्मल ऋषी बोंबलत व्हता, अन् ज्याच्या नावानं बोंबलत व्हता तो भाऊ, ऊर्ध्वकेश, कवाच आश्रमात पोचलेला.

ही गोष्ट कृतयुगातली. बारा वर्सं पाऊस न्हाई. शंकरानं दृष्टांत दिला, विवरात गंगा दडलीया. तिचं पाणी जो आणंल, त्यानं आश्रमाच्या गादीवर बसावं. उतरला धाकटा, कमंडलू भरला त्यानं. गादीवर बसाय निघाला थोरला.

दिस कलंस्तवर शाल्मलानं शिव्या घातल्या. शंकरालाबी सोडलं न्हाई. पण त्या विवरातनं शिवी वर जायचीच न्हाई; अर्ध्यातनं माघारी येऊन त्याच्याच डोक्यावर पडायची. घसा बसला. सांज झाली तसं सवयीनं हात जोडलं गेलं.

"तूबी दगाबाज हायस, शंभो. पण तुझ्याबिगर हितं हाय कोण?" म्हणाला, अन् स्तुती उचलली,

"अंगाला राख, माथ्याला चांद..."

त्यांच्या बापाची शिस्तच व्हती: धाकट्यानं अर्धी ओळ उचलायची, थोरल्यानं उरलेली झेलायची. अर्धी स्तुती लोंबकळत ठिवली, तर त्या दिशी जेवाण न्हाई.

शिवी अडकली, पर स्तुती सरळ वर, पार आश्रमात गेली. ऊर्ध्वकेश शंभर ऋषींम्होरं डोळं पुसत सांगत व्हता, "वाघानं नेला वो माझा शाल्मल," अन् मधीच त्याच्या तोंडातनं निघालं,

"उघड्याचा बाप तू, भोळ्या शंभो!"

"मेलेल्याची स्तुती झेलतोस व्हय रं?" म्हाताऱ्या ऋषीनं त्याची जटा धरली. ऊर्ध्वकेशानं तोंडात वल्कल कोंबलं. खालनं दुसरी ओळ आली, वल्कल टपकन भाईर!

फरफटत आणला काठावर. तवर खाली उजेड पडला. शंकर शाल्मलाच्या शेजारी हुबा.

"दे शाप. लागंल."

शाल्मलानं वर काठाकडं बघितलं. "शाप नगं, देवा. ह्यानं जल्मभर माझी अर्धी स्तुती झेलावी. मनात असो, नसो."

"तथास्तु."

तवापास्नं देवाची स्तुती एकानं उचलायची अन् दुसऱ्यानं झेलायची, मधी वैर असलं तरीबी.

काठावर थोरला हुंदके देत व्हता, "चुकलं रं, बाळा..."

"रड मागनं," शाल्मल खालनं वरडला. "आधी दोर सोड."