जोगिणीचा बंद घडा

एका राज्यात 'ठाऊक नाही' असं म्हणायला बंदी होती. राजाच्या आजोबांनी तसा दंडक घातला होता आणि तो वेशीवरच्या दगडात कोरून ठेवला होता. विचारलं की उत्तर द्यायचं, मग ते कुठूनही आणा. जो झटकन उत्तर देई त्याला राजा स्वहस्ते मोरपीस देत असे, आणि ज्याची जीभ अडखळे त्याला भर बाजारात भिंतीकडे तोंड करून उभं करत. त्यामुळे त्या राज्यात सगळेच शहाणे होते. वैद्याकडे प्रत्येक दुखण्याचं नाव होतं, ज्योतिष्याकडे प्रत्येक शिंकेचं कारण होतं. वाटसरूनं रस्ता विचारला तर एकजण पूर्वेला बोट दाखवी, दुसरा पश्चिमेला, आणि तिसरा दोघांनाही वेड्यात काढून नदीपलीकडे पाठवी. वाटसरू हरवत, पण निरुत्तर कुणी राहत नसे. राज्याला याचा फार अभिमान होता.

राजाचं नाव भानुकेतू. राणी निवर्तली होती. मागे एकच मुलगी, सुवेणी. दरबारच्या रीतीप्रमाणे तीही बापाला महाराजच म्हणे. लहानपणापासून तिला इतकी मोरपिसं मिळाली होती की मागून पाहणाऱ्याला मोर चालला आहे असं वाटे. आत्मा म्हणजे काय, आकाश कशावर टेकलं आहे, माणूस का रडतो, सगळं तिला तोंडपाठ होतं. आई गेली त्या दिवशी ती भर दरबारात मृत्यू या विषयावर बोलली. 'कुणी कुठे जात नाही, रूप तेवढं बदलतं,' असं तिनं सिद्ध करून दाखवलं. सभेनं माना डोलावल्या, राजानं तिच्या वेणीत पीस खोवलं. बापलेकींपैकी त्या दिवशी कुणी रडलं नाही.

पुढे एकदा दरबारात तमाळी नावाची जोगीण आली. खांद्यावर घोंगडी, काखेत तांब्याचा घडा, घड्यावर घट्ट झाकण. तिनं घडा सभेच्या मधोमध ठेवला.

"राजा, यात काय आहे?"

"पारा," वैद्य म्हणाला.

"ग्रहणातलं पाणी," ज्योतिषी म्हणाला.

"शून्य," राजपंडित म्हणाला आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

"ज्यानं घडा घडवला त्याचा हेतू," सुवेणी म्हणाली. सभेत वाहवा झाली.

राजा सर्वांत शेवटी बोलला, "यात आमचं भाग्य आहे."

जोगीण म्हणाली, "जन्मभर वाहते आहे मी हा घडा. यात काय आहे ते मला अजून कळलं नाही. तुम्हाला मात्र बसल्याजागी कळलं." ती रागावली नव्हती. शापही तिनं भाजीचा भाव सांगावा तसा सांगितला. "तुझ्या राज्यात जितकी पोकळ उत्तरं दिली जातील, तितका दगड तुझ्या अंगावर चढेल. या दरबारात कुणी एक तरी वाक्य आतून खरं बोलेल, त्या दिवशी झाकण पडेल आणि तू सुटशील. दगड मस्तकापर्यंत गेला, तर मग मीही काही करू शकत नाही."

घडा तिथेच ठेवून ती निघून गेली. वेशीबाहेरचा रस्ता तिनं कुणाला विचारला नाही.

दुसऱ्या सकाळी राजानं पलंगावरून पाय खाली टाकले तर फरशीवर ठक्क असा आवाज झाला. पावलं दगडाची झाली होती. सभा भरली. वैद्य म्हणाला, हा वात. ज्योतिषी म्हणाला, हा शनी. राजपंडित म्हणाला, दगड हेही चैतन्याचंच रूप आहे, तेव्हा काळजीचं कारण नाही. संध्याकाळपर्यंत गुडघे गेले. मग पंडितांनी खरी वाक्यं बोलायचा सपाटा लावला. सूर्य पूर्वेला उगवतो. समुद्र खारट असतो. जन्मलेला मरतो. सगळी पाठ केलेली. झाकण जागचं हललं नाही. राजानं प्रजेला गप्प बसण्याचं फर्मान काढलं, तर फर्मान का निघालं याची उत्तरं घरोघरी तयार झाली आणि दगड कमरेला आला.

तेव्हा सुवेणी म्हणाली, "महाराज, मी जाते. जोगिणीकडून ते वाक्य घेऊन येते."

"जा," राजा म्हणाला. आणखी काही बोलावंसं त्याला वाटत होतं, पण त्या दरबारात तसलं काही बोलायची रीत नव्हती.

सुवेणीनं राजवाड्यातली साळुंकी सोबत घेतली. ही साळुंकी माणसासारखी बोलत असे, पण दिसेल तेवढंच बोले. म्हणून दरबारात तिला ढ समजत.

राज्याची सीमा ओलांडली, माळ ओलांडला, काळा कडा आला. कड्याच्या पायथ्याशी जोगीण शेण्या थापत बसली होती.

"मला ते खरं वाक्य सांगा," सुवेणी म्हणाली.

"आधी माझी तीन कामं कर. वर बिननावाचा झरा आहे, त्याचं पाणी आण."

सुवेणी कडा चढून गेली. झरा खळाळत होता. ती कौतुकानं म्हणाली, "हा तर गिरिगर्भातला उष्ण स्रोत!" आणि झरा आटला. बऱ्याच वेळानं पाणी पुन्हा झिरपलं. "अच्छा, म्हणजे हा मंत्रबद्ध आहे," ती म्हणाली. झरा पुन्हा आटला. तिनं त्याला सगळ्या पोथ्यांमधली नावं लावून पाहिली आणि प्रत्येक नावाला ओले खडे तेवढे हाती आले.

"तू बोललीस, पाणी गेलं," साळुंकी म्हणाली.

सुवेणीला राग आला. पण तहानही लागली होती. पाणी आलं तेव्हा ती मुकाट्यानं वाकली, तोंड भरून घेतलं आणि तसंच गाल फुगवून कडा उतरली. उतरताना बोलणं शक्यच नव्हतं. आपला श्वास नाकातून वाजतो आणि आपल्याला दम लागतो, हे त्या वाटेवर तिला प्रथम समजलं. जोगिणीच्या ओंजळीत तिनं चूळ सोडली. जोगिणीनं त्यात शेणाचे हात धुतले आणि दुसरं काम सांगितलं.

"पलीकडे विचारणाऱ्या झाडांची राई आहे. तिच्यातून एक फळ आण."

त्या राईत झाडं ओळखीच्या आवाजात प्रश्न विचारत. जो उत्तर देई त्याच्या पायांना मुळं फुटत आणि तोही झाड होऊन प्रश्न विचारायला लागे. काही झाडांच्या शेंड्यांवर अजून पागोटी होती. सुवेणी सावधपणे चालली. राजपंडिताच्या आवाजात विचारलं, ती गप्प राहिली. ज्योतिष्याच्या आवाजात विचारलं, ती गप्प राहिली. मग एक लहानसं झाड तिच्या आईच्या आवाजात म्हणालं, "सुवेणी, मी कुठे गेले गं?"

"कुणी कुठे जात नाही, रूप तेवढं बदलतं," सुवेणी चटकन म्हणाली. याच उत्तराला तिला पीस मिळालं होतं. टाचांतून मुळं फुटली आणि मातीत शिरली.

"मी कुठे गेले गं?"

तिनं दुसरं उत्तर दिलं, मग तिसरं. घोटे मातीत गेले.

"रुततेस," साळुंकी म्हणाली.

झाडानं पुन्हा विचारलं. सुवेणीनं ओठ घट्ट दाबले. प्रश्न तसाच राहिला, आणि तो छातीत दुखायला लागला. इतकी वर्षं तो तिथेच होता हे तिला कळलं. ती तशीच दुखत उभी राहिली. मुळं हळूहळू सुटली. तिनं फळ तोडलं आणि काटेरी जाळ्यांतून बाहेर आली. वेणीतली सगळी मोरपिसं काट्यांत अडकून राहिली.

जोगिणीनं फळ खाल्लं, बी थुंकली आणि म्हणाली, "आता त्या काळ्या शिळेत तोंड पाहून ये."

शिळा आरशासारखी घोटलेली होती. सुवेणी समोर उभी राहिली. आपण राजकन्या, असा विचार करून तिनं पाहिलं. शिळेत आभाळ दिसलं. आपण विदुषी, अशा विचारानं पाहिलं; आभाळच दिसलं. बापासाठी रानोमाळ भटकणारी आदर्श कन्या, असं मनात म्हणून, डोळ्यांत थोडं पाणीही आणून पाहिलं. शिळेला त्याचंही काही वाटलं नाही. दिवसभर पाहून ती थकली, भुकेजली, आणि अखेर नुसतीच बसून राहिली. तेव्हा शिळेत एक मुलगी दिसली. केस विसकटलेले, तोंडावर धूळ, डोळे घाबरलेले.

"ही कोण?" सुवेणीनं विचारलं.

"समोर बसली आहे ती," साळुंकी म्हणाली.

सुवेणीनं परत येऊन हात जोडले. "तिन्ही कामं झाली. आता वाक्य द्या."

"माझ्याकडे असेल ते माझं वाक्य. ते तुझ्या काय कामाचं?" जोगीण म्हणाली. "जा घरी. बाप वाट पाहत असेल."

सुवेणी निघाली. वाटेत विचार करू लागली. विचार करण्यात ती मुळातच हुशार. पाण्याला नाव द्यायचं नव्हतं, झाडाला उत्तर द्यायचं नव्हतं, शिळेपुढे स्वतःविषयी काही ठरवायचं नव्हतं. याचा अर्थ उघड होता! तिचं पाऊल हलकं झालं. रस्त्यात एक मोरपीस पडलं होतं, ते तिनं चालता चालता उचलून वेणीत खोवलं.

"वेणीत पीस आहे," साळुंकी म्हणाली. सुवेणीचं तिच्याकडे लक्ष नव्हतं.

दरबारात राजाला सिंहासनावर टेकवून ठेवलं होतं. दगड छातीपर्यंत आला होता. सुवेणी सभेच्या मधोमध उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "घड्यात काय आहे ते मला ठाऊक नाही!"

सभा हादरली. वेशीवरच्या दगडाला तडा जातो की काय असं लोकांना वाटलं. मग सुवेणीनं विवरण केलं. ठाऊक नसणं हेच परमज्ञान कसं, त्याच्या पायऱ्या कोणत्या, आधीच्या सर्व मतांहून हे मत श्रेष्ठ का, हे तिनं इतकं सुरेख मांडलं की राजपंडितानं तिथल्या तिथे जुनं मत सोडून हे धरलं. "मला तर केव्हापासून ठाऊक नाही!" तो ओरडला. "मला तुमच्याहून जास्त ठाऊक नाही!" ज्योतिषी म्हणाला. कोण अधिक अजाण यावर सभेत वाद पेटला आणि वैद्यानं मोरपिसांची मागणी केली.

झाकण हललं नाही. करकर असा आवाज झाला. राजाचे खांदे दगडाचे झाले, मग दंड, मग बोटं, आणि दगड गळ्याशी आला.

सुवेणी धावत सिंहासनापाशी गेली. वादाचा गलका थांबला.

"सुवेणी," राजाचा आवाज घोगरा झाला होता. "मी मरणार का गं?"

"छे, महाराज शतायुषी होणार," ज्योतिषी म्हणाला.

"मरण हा भासच आहे, महाराज," राजपंडित म्हणाला.

राजा लेकीकडेच पाहत राहिला. तिच्या जिभेवर सगळी उत्तरं आली. रूप बदलतं, हे आलं. आत्मा अमर, हे आलं. अजाणपणाचं नवं मतही आलं. एकेक आलं आणि एकेक गेलं, आणि समोर बापाचे दोन डोळे उरले. शिळेतल्या मुलीचे होते तसेच घाबरलेले. तिनं त्याची दगडाची बोटं हातात धरली. ती गार होती.

"मला ठाऊक नाही, बाबा," ती म्हणाली. "मला फार भीती वाटते. आई गेली तेव्हाही वाटली होती." आणि ती रडू लागली. लहान मूल रडतं तसं, नाकातोंडातून पाणी गळेपर्यंत. वेणीतलं पीस गळून पडलं ते तिला कळलंही नाही.

"मलाही वाटली होती, बाळ," राजा म्हणाला आणि त्याचेही डोळे वाहू लागले.

झाकण खणकन फरशीवर पडलं. त्या आवाजाकडे बापलेकींनी पाहिलं नाही, कारण सुवेणीच्या हातातली बोटं उबदार झाली होती आणि त्यांनी तिचा हात घट्ट धरला होता. मग दंड सुटले, छाती सुटली, गुडघे सुटले. राजा सिंहासनावरून उठला आणि पहिली दोन पावलं अडखळत टाकली. राणीच्या मरणाचं रडणं त्या दोघांनी त्या दिवशी रडून घेतलं. सभा अवघडून उभी होती. काय म्हणावं ते कुणाला सुचेना, आणि त्याबद्दल कुणाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं नाही.

पुढे राजानं वेशीवरचा दगड काढून नदीच्या घाटावर पायरीला लावला. आता त्यावर बायका धुणं धुतात. त्या राज्यात आज रस्ता विचारलात तर माणूस डोकं खाजवतो, खांद्यावरचं ओझं खाली ठेवतो आणि म्हणतो, "ठाऊक नाही बुवा. चला, पुढे जाऊन बघू." वाटसरू उशिरा पोहोचतात, पण पोहोचतात.

राहता राहिला घडा. रडणं ओसरल्यावर सभेला त्याची आठवण झाली. सगळे धावले, तर घडा कलंडलेला, आत अंधार, आणि काठावर साळुंकी पंख झटकत बसलेली. आत पारा होता की ग्रहणातलं पाणी की शून्य, यावर पंडितांची कुजबुज सुरू झाली. इतक्या वर्षांची सवय एका दिवसात जात नाही.

सुवेणीनं साळुंकीला विचारलं, "काय होतं गं आत?"

"गार होतं," साळुंकी म्हणाली.

सुवेणीनं घड्यात हात घातला. बुडाशी थोडंसं उरलं होतं. तिनं बोटं डोळ्यांना लावली. खरंच गार होतं.