चार कड्यांचा हंडा

फार पूर्वी, कालवा यायच्या आधी, गावानं घरोघरचं मोडकं तांबं गोळा करून एक हंडा घडवून घेतला. त्याला चार कड्या होत्या, आणि तो उचलायला चार घरची माणसं लागत. लग्न कुणाचंही असो, भात त्याच्यातच शिजे.

पुढे कालवा आला, ऊस आला, बंगले आले, बंगल्यांना उंच कुंपणं आली. थोरल्या लेकीच्या लग्नाला बंगलेवाल्या हैबतरावांनी स्वतःचं चाकांचं पातेलं आणलं. पाहुणे आहेर देऊन गाड्यांतून परत गेले. लग्नानंतर पातेलं देवळात हंड्याशेजारी येऊन पडलं.

"मला एकटा माणूस ढकलतो," पातेलं म्हणालं. "तरी निम्मा भात उरला. तुझ्यात उरायचा का रे?"

"कधीच नाही," हंडा म्हणाला. "मला उचलायला आलेले जेवल्याशिवाय जायचे नाहीत."

धाकटीचं लग्न ठरलं, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, या खेपेला गावचा हंडा आणा."

हैबतराव एकटेच देवळात आले. त्यांनी एक कडी धरून ओढली. हंडा जागचा हलेना. त्यांनी घाम पुसला, मग ते आपल्या घराशेजारच्या बंगल्याच्या कुंपणापाशी गेले आणि अकरा वर्षांनी त्यांनी हाक मारली, "दाजीबा, घरात आहेस का रे?"