टोकाच्या नळाचं पाणी

नळ बोलायचे त्या काळातली गोष्ट. पाणी तपासायला न्यायची बाटली पाणीवाला दरवेळी टाकीजवळच्याच नळावर भरायचा, कारण जंतू मारायचं औषध तिथवरच पुरायचं. टोकाच्या वस्तीचा पाइप गटारात फुटलेला. ते पाणी पिऊन पोरं जुलाबानं लोळायची.

यंदा बाटलीनं झाकण घट्ट आवळून धरलं.

"उघड की गं, भवाने," टाकी खेकसली. "गावाची अब्रू जाईल."

"पोरं लोळत होती तेव्हा कुठं होती तुझी अब्रू? मला टोकाला न्या, नाहीतर रिकामी धाडा."

रिकामी धाडायची पाणीवाल्याची छाती झाली नाही. टोकाच्या नळाखाली बाटलीनं आपणहून झाकण सोडलं. नळ खाली मान घालून गढूळ पाणी ओतू लागला.

"मान वर कर," ती म्हणाली. "लाज टाकीला वाटू दे."