घटका बुडेना

एका राज्यात घटका बुडेनाशी झाली.

तिथं राजवाड्याच्या बुरुजावर दगडी कुंड होतं. कुंडात तांब्याचं वाटीएवढं पात्र तरंगे, आणि त्याच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक असे. भोकातून पाणी चढे, पात्र बुडे, पहारेकरी काशाचा तास वाजवी, की झाली एक घटका. सारं राज्य त्या ठोक्यावर चाले.

एकदा ऐन दुपारी एक मांत्रिक दरवाजाशी आला. पहारेकरी म्हणाला, "थांब. घटका बुडाली की आत सोडतो."

मांत्रिकाला थांबायची सवय नव्हती. तो म्हणाला, "मग ती बुडूच नये."

आणि ती बुडाली नाही. सूर्य माथ्यावर अडला. सावल्या पायांखालून हलेनात. एका मांडवात अंतरपाट धरला होता, तो धरलेलाच राहिला. मंगलाष्टकं म्हणता म्हणता भटजींचा आवाज बसला.

राजाची साळुंकी शहाणी होती. ती म्हणाली, "शाप जुन्या पात्राला आहे, नव्याला नाही. नवी घटिका घडवा, भर चौकात बसवा. तांबं नागाच्या ठेव्यातलं, पाणी लाजऱ्या विहिरीचं, आणि माप ऐरणभावाच्या श्वासाचं."

राज्यात तांबट दोनच उरले होते, दोघं एकाच गुरूच्या ऐरणीवर शिकलेले. थोरला सटवाजी, मिशा पिकलेला. धाकटी तुळजा, गुरूची लेक. सटवाजी नवा फेटा बांधून दरबारात आला होता. राजानं विडा तुळजेपुढे धरला.

"आणि सटवाजी, तू हिच्या सोबतीला जा."

"जशी आज्ञा," सटवाजी म्हणाला. पण छातीत भट्टीतली सळई टेकवल्यासारखं झालं.

तुळजेनं चौकातल्या फरशीवर कोळशानं घटिकेचा आराखडा काढला. चार खांब, मध्ये कुंड, वर पितळेचा मोर. पात्र बुडालं की साखळी ओढली जाईल आणि मोर चोचीनं तास वाजवील. लोक वाहवा करू लागले.

"मोर जाडा झालाय," सटवाजी म्हणाला.

"तुम्ही आहात की दादा त्याला उपाशी ठेवायला," तुळजा म्हणाली.

लोक हसले. सटवाजी हसला नाही. हे मलाही सुचलं असतं, तो मनात म्हणाला.

नागाच्या गुहेत सोन्याची रास होती. भोवती दगडाची माणसं हात पुढे करून उभी होती. सोन्याला हात लावला त्याचं तसं होई. नागानं फणा काढला. "काय हवं?"

तुळजा म्हणाली, "नागोबा, तुमच्या वेटोळ्याखाली तांब्याचा चेपका हंडा आहे. टोचत असेल तुम्हाला. नेऊ का?"

नाग बाजूला सरकला. "ने बाई. आजवर कोणी विचारलं नाही."

हंडा सटवाजीनं खांद्यावर घेतला. हेही मला सुचलं असतं, तो म्हणाला, आणि वाटभर तेच म्हणत राहिला.

लाजरी विहीर माणसाचं तोंड दिसलं की खोल जाई. तुळजा तिच्याकडे पाठ करून काठावर बसली आणि आपल्या सासूच्या गोष्टी हलक्या आवाजात सांगू लागली. ऐकायला पाणी काठापर्यंत वर आलं. तिनं मागच्या मागे कळशी बुडवली. सटवाजीचे कान तापले. त्याला सासूच नव्हती, हे तरी कसं सुचावं!

किती दिवस गेले? दिवस मोजायला घटका कुठं होती!

चौकात चार खांब उभे राहिले. तुळजेनं तांबं ठोकून पात्र घडवलं. मोर वर चढला; सटवाजीनं घासून घासून तो सडपातळ केला होता. उरलं फक्त भोक.

तांबटांची एक रीत होती. पळं मोजायची श्वासांनी, साठ पळांची घटका. पण घडवणाऱ्यानं आपल्या पात्राला आपला श्वास द्यायचा नाही. हातात काम असलं की श्वास खोटं बोलतो. म्हणून त्याच ऐरणीवर शिकलेला दुसरा समोर बसे, तो ऐरणभाऊ. त्याचे घटकेभराचे श्वास मोजून सरले आणि पात्र तरंगतच राहिलं, तर भोक मोठं करायचं. एकदा मोठं केलेलं भोक मात्र पुन्हा लहान होत नाही.

सटवाजी कुंडाशी बसला. बारीक भोकाचं पात्र पाण्यावर सोडलं. सटवाजी श्वास घेऊ लागला. समोर तुळजेचा मोर, तुळजेचे खांब. लोकांची नजर तुळजेवर. सळई पुन्हा तापली, श्वास धावू लागला.

श्वास सरले. पात्र निम्मंही भरलं नव्हतं.

"दादा, भोक मोठं करू?"

नुसतं हो म्हणायचं होतं. त्यात खोटंही नव्हतं. श्वास सरलेच होते. भोक मोठं झालं असतं, घटका उतावळी झाली असती, आणि तुळजेच्या घटिकेला गाव पिढ्यान्‌पिढ्या हसलं असतं.

तुळजेनं पात्र उचलून सुई लावली. दुसऱ्या हातात हातोडी घेतली. सुईच्या हाताचा अंगठा आत दुमडून. गुरूचा अंगठा नेहमी बाहेर असे. आत दुमडायला, एवढीशी होती तेव्हा, तिला सटवाजीनंच शिकवलं होतं. अंगठा ठेचून रडत होती म्हणून.

"थांब," सटवाजी म्हणाला. "माझा श्वास खरा नाही."

तुळजा थांबली.

"विडा मला मिळायला हवा होता, तुळजे. तुझं चांगलं झालेलं मला बघवत नाही."

"ठाऊक आहे, दादा. गुहेत तुम्ही दात खात होतात ते नागालाही ऐकू आलं."

"मग मला समोर कशाला बसवलंस?"

"आपल्या ऐरणीचं मला दुसरं कोण आहे?"

सटवाजी कुंडातल्या पाण्याकडे बघत बसला. तुळजेनं घाई केली नाही. लोकांनी पाय बदलले. मग छातीतली सळई, पाण्यात घालावी तशी, हळूहळू निवत गेली. त्यानं मान हलवली. तुळजेनं पात्र पुन्हा पाण्यावर सोडलं.

शेवटचा श्वास सरला आणि पात्र गुडूप बुडालं. भोक होतं तेच बरोबर होतं. साखळी ओढली गेली, मोरानं मान वाकवली, तास वाजला. शाप सुटला. सूर्य माथ्यावरून ढळला, सावल्या पायांखालून बाहेर आल्या. मांडवात अंतरपाट सरला, आणि भटजी मटकन खाली बसले.

राजानं तुळजेला भरजरी शाल दिली. मग विचारलं, "सटवाजी, तुला काय देऊ?"

"काही नको म्हणालो तर खोटं होईल, महाराज. मला ती शालच हवी होती."

"शाल तर एकच आणली."

तुळजेनं शाल अंगावरून काढली आणि घटिकेच्या ओट्यावर पसरली. "पांघरायला ऊन फार आहे, दादा. बसायला दोघांना पुरेल."

सटवाजीनं जोडे काढले, धोतर झटकलं, आणि शालीच्या एका टोकाला बसला. मग जरा आत सरकला.

त्या राज्यात पुढं वेळेवर लग्नं लागली, वेळेवर पहारे बदलले, वेळेवर दिवे लागले. आणि ते सारं चाललं एका माणसाच्या शांत श्वासावर.