पहिला चहा दगडाला

आखाड्यांच्या वाडीत पाहुणा ओट्यावर बसला, की त्याच्यासमोर ऊलाँग या चिनी चहाच्या पानांवर कढत पाणी ओततात, दहा श्वास मोजतात आणि ते पाणी उंबऱ्याबाहेरच्या खोलगट दगडात ओतून देतात. आत्ता तुमच्या देखत दिले तसे. तुमचे चेहरे उतरले, सगळ्यांचेच उतरतात. मागे एक निवृत्त मामलेदार "हा अपमान आहे" म्हणून उठून गेले होते. खाली एसटी नव्हती, म्हणून परत आले. तुम्ही बसा. दुसरे पाणी पडेपर्यंत दगडाची हकीकत ऐका.

ही गवळी धनगरांची वाडी. इथे माणसाहून म्हशीला मान जास्त. दूध उतू गेले, तर बाया गोठ्यात जाऊन म्हशीची क्षमा मागत. साहेबाच्या राज्यात वरच्या पठारावर चिनी कैदी ठेवले होते म्हणे. शिक्षा संपल्यावर त्यांतला एक इथेच भाजीपाला लावून राहिला. त्याचे नाव कुणाला उच्चारता येईना, म्हणून त्याला आचिंगबाबा म्हणू लागले. तेही चुकीचेच असणार.

एका वर्षी देवीची साथ आली. येसू आखाडेच्या खोपटाकडे तिचा नवरासुद्धा फिरकेना. आचिंगबाबाने तिला एकवीस दिवस पाणी पाजून जगवले. बाविसाव्या दिवशी नवरा खुशाली विचारायला आला, असे सांगतात.

पुढे म्हातारा अंथरुणाला खिळला. त्याच्याजवळ मायदेशातून आणलेली पत्र्याची डबी होती. तीत मिऱ्यांसारखी वळलेली चहाची पाने, जेमतेम दोन मुठी. मरण्याआधी एकदा आईच्या घरची ती चव जिभेवर यावी, एवढेच त्याचे मागणे. त्याने डबी येसूच्या हातात दिली.

येसूने काही कमी केले नाही. एक मूठ पाने म्हशीच्या निरशा दुधात टाकली, सुंठ घातली, दूध निम्मे होईपर्यंत आटवले, उतरवून त्यात गूळ विरघळवला. सगळी वाडी पाहायला जमली.

"पी बाबा," ती म्हणाली. "वरनं साय बी घातलीया."

त्याने एक घोट घेतला. त्याचे डोळे विस्फारले. गेला, असेच सर्वांना वाटले. पण आठ दिवस कूस न बदललेला तो म्हातारा उठून बसला, सरपटत उंबऱ्यापर्यंत गेला आणि अख्खा लोटा दगडावर पालथा केला.

बाया म्हशीची क्षमा मागायला गोठ्याकडे धावल्या.

"दूध वतलं!" येसूचा चुलतसासरा भागा ओरडला. "अरं, मरताना तरी माणसानं रीत धरावी!"

येसूला दूध दिसतच नव्हते. तिला डबी दिसत होती. एकच मूठ उरली होती आणि म्हाताऱ्याचा श्वासही तेवढाच.

"चुकलं बाबा," ती म्हणाली. "तुला इचारायला पायजे हुतं. आता तूच सांग."

त्याने खुणेने सांगितले. नुसते पाणी तापवायला लावले, पानांवर ओतायला लावले, आणि बोट दाखवले ते पुन्हा दगडाकडे. शेवटची मूठ! तरी तिने ते पहिले पाणी दगडावर ओतले.

"ह्यो चा बी वाया गेला," भागा म्हणाला. "एक येडा हुता, आता दोन झाले."

म्हाताऱ्याने त्याच पानांवर दुसरे पाणी ओतायला लावले. तेव्हा पहिल्या पाण्यात भिजून मऊ झालेली पाने उलगडली, आत्ताच खुडल्यासारखी, देठासकट. पाणी मधासारखे झाले. त्याने घोट घेऊन डोळे मिटले आणि एक शब्द उच्चारला. तो 'आई' होता असे सांगतात. वाडीत चिनी कुणाला येत होते, ते मात्र सांगत नाहीत.

पाने चव देत राहिली. तिसऱ्या पाण्याचा कप भागाने चाखला, "पाणीच की," म्हणाला आणि चौथ्यालाही हात पुढे केला. सातव्या पाण्याचा कप म्हाताऱ्याने येसूपुढे सरकवला. ती फुंकर घालू लागली. मान वर केली, तेव्हा तो गेलेला होता. तिने तो कप गार झाल्यावर प्यायला.

आजही या वाडीत पहिले पाणी दगडाला जाते. पाने आता कुरिअरने येतात, पण घरोघरी चहाआधी पाहुण्याला "तुमच्याकडं कसा करत्यात?" असे विचारतात. तुम्हालाही विचारले होते. तुम्ही फोटो काढत होता.

आता दुसरे पाणी तयार आहे, घ्या. सहाव्या पाण्यापर्यंत कुणी नाही म्हणणार नाही. सातव्या पाण्याचा कप मात्र मागू नका. तो घरातली बाई उंबऱ्याशी बसून, गार करून एकटीच पिते.