साळूबाईच्या काट्यांवरची पानं

माणसानं अजून कागद केला नव्हता तेव्हाची गोष्ट. जंगलात कुठलं बीळ कुणाचं, कुठलं पोळं कुणाचं, हे पानांवर लिहून साळूबाई साळिंदर ती पानं आपल्या पाठीवरच्या काट्यांना टोचून ठेवायची. पान मागायला गेलेल्याचं नाक हमखास सोलवटायचं.

एक दिवस आठ पायांच्या कोळ्यांची कंपनी आली. "सरपंच, ही कसली जुनाट तऱ्हा? पानं आमच्या जाळ्यात ठेवा. धागा ओढला की पान हजर!"

अस्वल सरपंच नाक चोळत म्हणाला, "उद्यापासून हेच!"

सशीण पुढे सरसावली. तिच्या बिळावर कोल्ह्याचा डोळा होता आणि पुरावा म्हणून तिचं ते एकच पान होतं. ती अस्वलाला म्हणाली, "दादा, आधी तुमच्या मधाच्या पोळ्याचं पान ठेवून बघा की."

साळूबाईनं फणफणत एक पान काढून दिलं. सकाळी सगळे जमले. जाळं लखलखीत होतं, पण पान गायब.

"पान कुठाय रे?" अस्वलानं विचारलं.

"कालचं जाळं आम्ही पहाटे खाऊन टाकतो आणि नवं विणतो," कोळी ऐटीत म्हणाला. "जुनं काही ठेवतच नाही!"

"मेल्या, माझं पोळं गिळलंस!" अस्वल बोंबललं.

साळूबाईनं पाठ फिरवली. "गप, रडू नकोस. त्याला मी फणसाचं कोरं पान दिलं होतं. तुझं शेपटाजवळ आहे, घे काढून."

सशिणीचं पान जाळ्यात जायची वाट बघणारा कोल्हा मागच्या मागे पसार झाला. अस्वलानं काट्यांत नाक खुपसलं. रक्त आलं, पण पठ्ठ्या 'आई गं' म्हणाला नाही.