लॅपटॉपची दोन कार्डं आणि मालनचा हात

एका गावात कृत्रिम हात बनवणारा अच्युत नावाचा कारागीर राहत होता. तो आधी लॅपटॉपवर हाताचं चित्र रचायचा, मग छोट्या यंत्रावर प्लॅस्टिकचा एकेक भाग घडवायचा. काम चोख होतं. मात्र 'माझं चुकलं' हे शब्द त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकले नव्हते.

त्याच्याकडे मालन नावाची बाई आली. यंत्रमागावर तिचा उजवा पंजा गेला होता. मागाच्या मालकाने तिच्यासाठी कापडाच्या घड्या घालण्याचं काम राखून ठेवलं होतं, पण त्या कामाला दोन्ही हात लागणार होते. अच्युतने मापं घेतली आणि सोमवारी हात देतो, असा शब्द दिला.

त्याच्या लॅपटॉपमध्ये पडद्यावरची चित्रं काढणारी दोन ग्राफिक्स कार्डं होती, एक लहान, एक मोठं. नुकतीच त्याने लॅपटॉपवर जुनी प्रणाली काढून लिनक्स ही नवी प्रणाली घातली होती आणि तेव्हापासून सगळा भार लहान कार्डच ओढत होतं. मोठं नुसतं बसून होतं. पडद्यावरचा हात फिरवायला गेलं की तो गचके खात फिरायचा. अच्युतने मोठ्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, टाकून पाहिला. तरी फरक पडेना. सोमवार जवळ येत होता, आणि माहिती वाचत बसायला त्याला धीर नव्हता. "हे लहानच आडवं येतंय," असं म्हणून त्याने सेटिंगमध्ये एक ओळ घालून लहान कार्ड बंद करून टाकलं आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला.

पडदा काळाच राहिला. आतला पंखा फिरत होता, दिवाही लागला होता, पण दिसत काही नव्हतं. मालनच्या हाताचं सगळं काम आत अडकलं.

त्याने मालनला फोन केला. "पुण्याहून प्लॅस्टिक आलेलं नाही. थोडे दिवस थांबा."

तरी सोमवारी मालन दारात उभी राहिली. "दादा, माझा भाऊ ट्रक घेऊन पुण्याला गेलाय. तुमच्यासाठी थांबलाय तिथं. दुकानाचा पत्ता द्या, येताना तो प्लॅस्टिक घेऊन येईल."

कुठल्याही दुकानाचा पत्ता देता आला असता. भाऊ हेलपाटा घालून रिकाम्या हाताने परतला असता, आणि अच्युतला तेवढीच सवड मिळाली असती. मालनने डाव्या हाताने फोन पुढे धरला होता. अच्युतला तिच्याकडे बघवेना.

"प्लॅस्टिक इथेच आहे, ताई," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. लॅपटॉप माझ्या हातून बिघडला."

"काय केलंत?"

"आधी पडदा दिसत होता. नुसतं काम हळू चाललं होतं. मला घाई झाली. काय कशाला जोडलंय ते न बघता मी लहान कार्ड बंद केलं."

बोलता बोलता तो थांबला. पडदा गेला तो नेमका तेव्हाच. इतके दिवस तो मोठ्या कार्डाला दोष देत होता, लिनक्सला देत होता. स्वतः केलेल्या त्या एका गोष्टीकडे त्याने वळून पाहिलं नव्हतं.

मालनने फोन खाली घेतला. मग म्हणाली, "माग बंद न करताच मी तुटलेला धागा काढायला गेले. घाईच होती. तुमचं तरी मागं घेता येतंय. घ्या मागं."

अच्युतने तिच्यासमोरच मालकाला फोन लावला आणि उशीर आपल्यामुळे झाल्याचं सांगितलं. मालक चिडला, पण आठवडाभर थांबायला कबूल झाला.

मग अच्युतने पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला आणि लहान कार्ड बंद करणारी ओळ पुसून टाकली. लॅपटॉप पुन्हा नेहमीसारखा सुरू केला, तसा पडदा उजळला. आता मात्र तो माहिती नीट वाचत बसला. त्या लॅपटॉपचा पडदा लहान कार्डालाच जोडलेला होता. मोठ्या कार्डाने काढलेलं चित्रही लहान कार्डाच्याच मार्गे पडद्यावर येणार होतं. त्याने लहान कार्ड चालू ठेवलं आणि हाताचं चित्र रचणारा प्रोग्रॅम तेवढा मोठ्या कार्डावर लावला. पडद्यावरचा हात अलगद फिरला.

हात तयार झाला. मालनने त्यात कापडाचं एक टोक धरलं, डाव्या हातात दुसरं. पहिली घडी वाकडी पडली. तिने ती उलगडली आणि पुन्हा घातली.

तात्पर्य: चूक दुसऱ्यावर ढकलत राहिलं, तर ती कुठे झाली हेच दिसत नाही. ती आपली म्हणून कबूल केली, की सुधारण्याची वाटही सापडते.